खुली आयात-निर्यात की शुल्काची भिंत? कांदा, सोयाबीन आणि कापूस यांच्या हिशेबाने

मुक्त व्यापार हवा की नको, हा प्रश्न निफाडच्या कांदा उत्पादकाला आणि लातूरच्या सोयाबीन उत्पादकाला एकाच दिवशी विचारला, तर उत्तरे परस्परविरुद्ध येतील आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतील. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांना किंवा व्यापार करारांविषयी मत बनवू पाहणाऱ्या कोणालाही माझे सांगणे असे, की तत्त्वाआधी माल पाहावा.

कांद्याच्या बाबतीत खुलेपणाची बाजू भक्कम आहे. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका आणि संयुक्त अरब अमिराती ही आपली नेहमीची गिऱ्हाइके. पण ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठून शुल्क आणि किमान निर्यातमूल्य (ज्याखाली माल परदेशी विकता येत नाही असा दर) लागू झाले, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. बंदीची घोषणा झाली तेव्हा लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. उन्हाळी कांदा काढून साठवणीच्या चाळीत भरला, की पुढचे चार-सहा महिने त्याचे वजन घटत राहते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. अशा मालाच्या मालकाला दिल्लीतून निघालेल्या रात्रीच्या अधिसूचनेवर सकाळी काहीच करता येत नाही. बंदीचा फायदा शहरी ग्राहकाला मिळतो, हे मान्यच केले पाहिजे. मात्र परदेशी गिऱ्हाईक तेवढ्यात पाकिस्तान किंवा चीनच्या कांद्याकडे वळते आणि बंदी उठली म्हणून लगेच परत येतेच असे नाही.

सोयाबीनचे चित्र उलटे दिसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून पामोलिनची आयात खुली होत गेली आणि आज आपल्या वापरातील निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यामुळे घराघरांत तेल परवडते, पण तेलबिया पिकवणाऱ्याच्या भावावर इंडोनेशिया आणि अर्जेंटिनाची सावली पडते. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. तरीही त्या हंगामात राज्यातील बहुतेक बाजारांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. कारण साधे आहे, फक्त भाषणांत येत नाही. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते अठरा-वीस किलो. उरते ती पेंड. तिचा भाव जागतिक बाजारात उतरलेला होता आणि मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात तिची जागा घेऊ लागला होता. म्हणजे ज्या शेतकऱ्याला आपण भिंतीचा समर्थक समजतो, त्यालाही पेंडीसाठी परदेशी दरवाजा उघडाच हवा असतो. पुढे मे २०२५ मध्ये हे शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवण्यात आले.

कापसात तर दोन्ही पक्ष महाराष्ट्रातच आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये बसवलेले ११ टक्के आयातशुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये माफ झाले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा होता. पण ही मुदत यवतमाळ आणि अकोल्याच्या वेचणीच्या हंगामावरच आली. यवतमाळच्या शेतकऱ्याचा तयार माल हाच सूतगिरणीचा आणि पुढे इचलकरंजीच्या यंत्रमागाचा कच्चा माल असल्याने येथे एकाला दिलेले संरक्षण दुसऱ्याच्या खर्चात जाऊन बसते.

खुल्या व्यापाराचा लाभ कोट्यवधी ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो आणि कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. तोटा मात्र एखाद्या पिकावर, एखाद्या तालुक्यावर एकवटतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धांत, म्हणजे जे तुलनेने स्वस्तात जमते तेच बनवावे आणि बाकीचे बाहेरून घ्यावे, हा देशाच्या एकूण बेरजेविषयी बरोबर आहे. वाटपाविषयी तो फारसे बोलत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्यात दिलेल्या व्याख्यानात हीच शंका घेतली होती, की इंग्लंडला लागू पडलेले नियम भारताला जसेच्या तसे लावावेत का. माझा कल असा, की निर्यातीवर बंदी जवळजवळ कधीच नसावी. आयातशुल्क असावे, पण मध्यम आणि पेरणीपूर्वी जाहीर झालेले, कारण हंगामाच्या मध्यात बदलणारा दर शेतकरी आणि गिरणी दोघांनाही बुडवतो.

करारांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण एकदा दिलेली सवलत अधिसूचना काढून परत घेता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्यामागे चिनी मालाची आणि न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती होती. उलट बाजूने, शुल्क उतरले म्हणजे बाजार मिळाला असेही नसते. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडकली ती शुल्कामुळे नव्हे, तर क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे. म्हणून कराराचा मसुदा हाती आला, की प्रस्तावना बाजूला ठेवून परिशिष्टे उघडावीत: आपला माल शुल्कसवलतीतून वगळलेल्या यादीत आहे का, शुल्ककपात किती वर्षांत होणार आहे, आणि आयात अचानक वाढली तर शुल्क पुन्हा लावण्याची तरतूद ठेवली आहे का.