‘न वापरलेला’ म्हणून विकलेला बॉनव्हिलचा कॅमशाफ्ट

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. ट्रायम्फ मोटारसायकलींचा मेरिडनचा कारखाना इथून जवळच होता. 1983 मध्ये तो बंद पडला, तरी जुन्या सुट्या भागांचे बाजार या भागात अजून भरतात. अशाच एका बाजारात मला पद्धतशीर फसवलं गेलं.

माझ्या 650 सीसी बॉनव्हिल या ट्रायम्फ मोटारसायकलला इनटेकसाठी, म्हणजे इंधन-हवा आत घेणाऱ्या झडपा उघडायला, ई 3134 आकाराचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा फिरता दांडा) हवा होता. 1959 च्या पहिल्या बॉनव्हिलमध्ये, म्हणजे टी 120 मध्ये, इनटेकला हाच होता, त्यामुळे त्याला मागणी फार. विक्रेत्याने मेणकागदात गुंडाळलेला, तेल लावलेला काळाभोर शाफ्ट काढला. नंबर ठोकलेला. "कारखान्याच्या जुन्या साठ्यातला आहे, कधी बसवलेलाच नाही," असं छातीठोकपणे सांगितलं आणि रोख पैसे घेतले.

गाडी सुरुवातीला झकास पळाली. मग इनटेकचा टॅपेट गॅप, म्हणजे झडपेजवळ ठेवलेली बारीक फट, वाढायला लागला. सेट केला की थोड्याच दिवसांत पुन्हा खडखड. इंजिन खोललं तर लोबच्या (शाफ्टवरच्या झडप ढकलणाऱ्या उंचवट्याच्या) टोकावर चपटा पट्टा पडलेला, त्याची कड नखाला लागत होती. कडक केलेल्या लोबवरून कानस नुसती घसरते. इथे ती चावली आणि चकचकीत कीस निघाला.

मायक्रोमीटरने बाकीचं उघडं पाडलं. मॅन्युअलप्रमाणे बेस सर्कल, म्हणजे लोबच्या खालच्या गोल भागाचा व्यास, 0.812 इंच हवं, हे त्याहून बरंच कमी भरलं. झिजलेला शाफ्ट घासून नवा आकार दिला होता. लोब उंच करता येत नाही, म्हणून खालचं वर्तुळच लहान करतात. असं रिग्राइंड करण्यात गैर काही नाही. चांगले कारागीर तसं स्पष्ट सांगतात आणि कडकपणाही सांभाळतात. इथे कडक थर घासून गेलेला, वर काळा रंग चढवून माल नवा म्हणून विकलेला.

झिजलेलं लोखंड शेवटी तेलातच जातं. ट्रायम्फच्या क्रँकमध्ये (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यात) गाळ अडवणारी नळी असते. ती तुंबली की बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला, तेल पोचत नाही. म्हणून मला क्रँकसुद्धा खोलावा लागला, आणि तो खर्च शाफ्टपेक्षा कितीतरी जास्त झाला. विक्रेत्याने "बसवलेला भाग परत घेत नाही" म्हणून फोन ठेवला, पुन्हा उचललाच नाही.

असा शाफ्ट घेताना मायक्रोमीटर सोबत ठेवा. बेस सर्कल मोजा, लोबची पूर्ण उंची मोजा. या कॅमला दोन्हींतला फरक साधारण 0.314 इंच यायला हवा. पण नुसत्या फरकावर जाऊ नका, रिग्राइंडमध्येही तो बरोबर येऊ शकतो. बेस सर्कलचा आकडाच खरं सांगतो. जर्नलवर (शाफ्ट जिथे टेकून फिरतो त्या भागावर) फिरल्याच्या चकाकत्या रेघा आहेत का तेही बघा. विक्रेता मोजू देत नसेल, तर तिथून सरळ निघा.