एका चौकटीतला काळोख

चार्ल्स अ‍ॅडम्स यांच्या व्यंगचित्रसंग्रहांत मृत्यू आणि भुताळी वाडे वारंवार येतात. तरीही वाचक दचकण्याआधी हसतो, याचे कारण त्यांनी जे दाखवायचे टाळले आहे त्यात दडलेले आहे. ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात १९४६ साली आलेल्या त्यांच्या चित्रात दाराशी नाताळची गाणी म्हणणारी मंडळी उभी आहेत आणि वर गच्चीवरचे, ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ म्हणून ओळखले जाणारे ते विचित्र कुटुंब त्यांच्यावर उकळते पातेले उपडे करण्याच्या बेतात आहे. चित्राखाली ओळ नाही, चित्रात किंकाळी नाही. पुढचा क्षण वाचकानेच मनात रंगवायचा असल्यामुळे त्या दुष्टपणात तोही नकळत सामील होतो. १९४० सालच्या चित्रात तर हिंसासुद्धा नाही. स्कीइंग करणाऱ्याच्या पायांच्या दोन खुणा झाडाच्या दोन बाजूंनी गेल्या आहेत, बस्स.

हे संग्रह एका बैठकीत मात्र वाचू नयेत, कारण पंधरा-वीस पानांनंतर धक्का बोथट होतो आणि डोळा आपोआप प्रेत शोधू लागतो. माझ्याकडील प्रतीत करड्या छटा इतक्या काळवंडल्या आहेत की कोपऱ्यातले तपशील भिंग घेऊन पाहावे लागतात, आणि नेमका विनोद पुष्कळदा तिथेच असतो.