तीन काळी रबरं आणि लोणच्याची बरणी

गेल्या वर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत माझ्या मासेमारीच्या लाँचच्या डिझेल टाकीच्या झाकणाला नवं गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारी रबरी पट्टी, घातलं. रबराची काळी शीट इथूनच, हर्णै बंदराजवळच्या दुकानातून आणली होती. ‘सगळ्याला चालते’ असं दुकानदार म्हणाले. नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्याच फेरीला तांडेल (लाँच चालवणारा) म्हणाला, “शेठ, भाताला डिझेलचा वास मारतोय.” बघतो तर गॅस्केट फुगून दोन बोल्टांमधून जिभेसारखं बाहेर आलेलं.

ते ईपीडीएम नावाच्या जातीचं रबर निघालं. तसं चांगलंच होतं, पण त्याचं आणि डिझेलचं जमत नाही.

यंदा मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरच्या एका रबरवाल्याकडे गेलो. जागा इतकी अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. मी ‘चांगलं रबर द्या’ म्हणालो, तर त्याने उलट विचारलं, “त्याला लागणार काय? डिझेल, पाणी की ऊन?” नायट्राइल, निओप्रीन आणि ईपीडीएम या तीन जातींच्या रबराचे नखाएवढे तुकडे फुकट कापून दिले, म्हणाला रात्रभर डिझेलमध्ये टाका. मी हर्णैला येऊन लोणच्याच्या बरणीत टाकले. (त्यावरून घरात काय ऐकलं ते सोडा.) सकाळी जाडी मोजायला व्हर्नियर लावला. नायट्राइल होतं तसंच, 5 मिलिमीटर. निओप्रीन जरासं फुगलेलं. ईपीडीएम तर बोटांत दाबलं की कच्च्या पिठासारखं.

मग टाकीला नायट्राइल घेतलं. केबिनच्या खिडक्यांना ईपीडीएम, कारण तिथे ऊन आणि खारं वारं. तिथे मी पूर्वी एकदा नायट्राइल लावलं होतं, ते कोपऱ्यात वळवलं तिथेच तडकलं. मासळीच्या खणाच्या झाकणाला निओप्रीन. तिथे थोडं ऊन, थोडं तेल, दोन्ही आहे. एकच सांगतो, मिस्त्रीला खिडक्यांच्या पट्टीला नेहमीचं ग्रीस चोपडू देऊ नका, तेही डिझेलसारखं खनिज तेलच. सिलिकॉनचं द्या.

मी व्हायटॉन हे महागातलं रबरही मागितलं होतं. रबरवाला म्हणाला, “ते 200 अंशांसाठी, तुमच्या टाकीला काय करायचंय? नायट्राइल 100 पर्यंत आरामात जातं.” महागातलं गळ्यात मारायची संधी समोर असून त्याने सोडली. माझे पाचातले चार तारे त्यासाठी.

पाचवा तारा का नाही? एक तर मीटरपेक्षा कमी कापत नाही. दुसरं म्हणजे शीटवर ग्रेड छापलेला नसतो, हा खडूने लिहितो. माल ट्रॅव्हल्सच्या गाडीने आला, तोवर खडू पुसलेला. समोर तीन काळ्या गुंडाळ्या, तिन्ही सारख्याच. रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा ती बरणी काढली.