महास्फोट की ईश्वर: बाजू निवडण्याआधी

विश्व महास्फोटातून (बिग बँग, म्हणजे अतिदाट, तप्त अवस्थेतून पसरत) आले की ईश्वराने घडवले, हा वाद पुण्यात कट्ट्यावर रंगो की व्याख्यानमालेत, दोन तट ठरलेले असतात: महास्फोट मानणारे नास्तिक आणि देव मानणारे महास्फोटाच्या विरुद्ध. इतिहास याच्या नेमका उलट आहे. ‘आद्य अणू’ची, म्हणजे सारे विश्व एका अणूतून निघाले ही, महास्फोटाची मूळ कल्पना 1931 मध्ये मांडली जॉर्ज लमेत्र या कॅथलिक धर्मगुरूने. तिला चिवट विरोध केला तो निरीश्वरवादी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनीही हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह 1993 मध्ये पर्यायी प्रारूप मांडले. त्यात विश्वाला आरंभच नाही. म्हणजे महास्फोटाचा सिद्धान्त चुकीचा ठरला तरी देव आपोआप सिद्ध होत नाही.

विज्ञानाची बाजू मोजता येते. 1965 मध्ये जाहीर झालेले पार्श्वप्रारण, म्हणजे सर्व दिशांनी येणारे आरंभीच्या विश्वाचे प्रारण, आज 2.725 केल्विन तापमानाचे आहे. ते विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे असतानाचे, म्हणजे साधारण 1380 कोटी वर्षांपूर्वीचे. पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाच्या सुमारे 25 टक्के हेलियम तयार व्हावा असे गणित सांगते, आणि जुन्या वायूत तो जवळपास तेवढाच सापडतो. उणिवाही आहेत: लिथियम अपेक्षेच्या साधारण एक-तृतीयांशच दिसतो, प्रसरणाचा वेग पार्श्वप्रारणावरून मेगापार्सेकमागे (सुमारे 33 लाख प्रकाशवर्षे अंतरामागे) सेकंदाला 67 किलोमीटर, तर ताऱ्यांवरून 73 च्या आसपास येतो. अगदी आरंभाच्या क्षणी तर आइनस्टाइनच्या सापेक्षतेची समीकरणेच कोलमडतात. ‘शून्यातून सारे आले’ हे वाक्य महास्फोटाच्या सिद्धान्तात नाही, ते भाषणांत असते.

ईश्वराची बाजू एकच आहे असे समजणे ही दुसरी चूक. न्यायदर्शन म्हणते, घटाला कुंभार लागतो तसा जगालाही कर्ता हवा. पण न्यायाचे परमाणू नित्य आहेत. ईश्वर ते घडवत नाही, जुळवतो. वैदिक परंपरेतलेच पूर्वमीमांसक विचारतात: शरीराशिवाय कर्ता काम कसे करणार, आणि जग कधी नव्हतेच असे कशावरून? जैनांना जगाचा कर्ता मान्यच नाही. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त (10.129) सृष्टी कुठून झाली हे वरून पाहणाऱ्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असे म्हणून थांबते. अशा सूक्तातून महास्फोट ‘काढून’ दाखवणाऱ्यांना शेवटची ऋचा नेमकी अडचणीची ठरते.

घोटाळा होतो तो सरमिसळीत. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय 454 कोटी, म्हणून पूर्वजांना सगळे ठाऊक होते, हा संदेश फिरतच असतो. त्यात ब्रह्मदेवाची रात्र गाळलेली असते, त्याचे शंभर वर्षांचे आयुष्यही; ती धरली तर मेळ बसत नाही. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी विज्ञानात सृष्टिकर्त्याची साक्ष वाचली तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाला. त्याच्या मते सिद्धान्ताला धर्माशी बांधूच नये. सिद्धान्त बदलला तर त्यावर टेकलेली श्रद्धाही घसरते.

तेव्हा प्रश्न आधी वेगळे करा. कधी, किती, कोणत्या क्रमाने: इथे विज्ञान घ्या, अन्य दावेदार नाही. मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे: इथे दुर्बीण उपयोगाची नाही, एखादे दर्शन निवडा किंवा प्रश्न उघडा ठेवा. ईश्वर मानायचा तर तो जुळवणारा, की वेदान्तातला स्वतःच जगाचे उपादान (ज्यातून जग बनले ते द्रव्य) असलेला, हेही ठरवावे लागेल.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आयुकात किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर गेलात, तर ‘देव आहे का’ विचारून वेळ घालवू नका. प्रसरणाच्या 67 आणि 73 मधली चूक कुठे असावी, ते विचारा.