तरवडाची रोपं पाहिजेत तर इथं जा (५ पैकी ४ स्टार)

सोलापुरातल्या नर्सरीत तरवड, म्हणजे पिवळ्या फुलांचं झुडूप, मागितला की "ते तर रस्त्याकडंला उगवतंय की, विकत कशाला घेताय" म्हणतात आणि कसलातरी पाम गळ्यात मारतात. विजापूर रोडच्या बाजूला असलेल्या ह्या छोट्या नर्सरीत मात्र पिशवीतली रोपं मिळाली, ४० रुपयाला एक, म्हणून मुद्दाम लिहितोय.

रोपं वीतभरच असतात आणि तीच घ्या. तरवडाचं सोटमूळ पटकन खाली जातं, पिशवीत जास्त दिवस राहिलं की मुळं गोल गुंडाळतात आणि मग ते झाड जमिनीत नीट जीव धरत नाही. मालक काकांनी स्वतःहून सांगितलं, कोपऱ्यातली मोठी रोपं देणार नाही म्हणून, असा दुकानदार आजकाल कुठं भेटतो! बियापण देतात, कवच टणक असतंय त्यामुळं गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवायच्या.

आमची कंपाउंडकडची जागा नुसता मुरूम, पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घातलं, आता काही म्हणजे काही घालत नाही तरी पिवळंधमक फुलतंय. शेळ्यापण तोंड लावत नाहीत. मोठे काळे भुंगे दिवसभर फुलांवर असतात आणि फिकट फुलपाखरं पानांवर अंडी घालतात, अळ्या दिसल्या तर प्लीज औषध मारू नका, झाड परत फुटतंय.

खरी मजा नवरात्रात. आपल्याकडं घटाला तरवडाची माळ लागतेच, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बतुकम्मा (सणाला पूजेसाठी थराथरानं रचलेली फुलं) रचायला पण हेच फूल, त्यांचं तंगेडू, तेलंगणाचं राज्यफूल आहे ते. बाजारातला वाटा दुपारपर्यंत मलूल होतो, घरची फुलं पहाटे तोडून ताजी वाहता येतात, शेजारच्या काकूपण परडी घेऊन येतात आणि मला लई बरं वाटतं. उरलेली फुलं सावलीत वाळवून आम्ही चहासारखी उकळून पितो, चव जराशी तुरट, पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक स्टार कमी कारण रोपांवर नावाच्या पाट्या नाहीत, नवीन माणसाला तसाच दिसणारा टाकळा कुठला नि तरवड कुठला कळत नाही, आणि रविवारी गर्दीत काकांना बोलायला वेळ नसतो. मधल्या वारी जा, पहिला पाऊस झाला की लगेच, नंतर रोपं शिल्लक राहत नाहीत.