ब्रोमोफॉर्म की पॉलिटंगस्टेट?
मही नदीच्या वाळूतली गार्नेट, झिर्कॉन ही जड खनिजं वेगळी काढायची, तर बडोद्यात आमच्यासमोर जड द्रवांच्या दोनच बाटल्या असतात. ब्रोमोफॉर्मची घनता 2.89 ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणून 2.65 घनतेचं क्वार्ट्झ (वाळूतलं हलकं खनिज) वर तरंगतं, जड कण झरझर तळाशी. पातळ असल्यानं काम पटकन उरकतं. पण तो गोडसर वास! यकृताला घातक, म्हणून फ्यूम हूडशिवाय (वाफ बाहेर ओढणारं कपाट) झाकण उघडायचंच नाही. बाटली गडद काचेची, धुणं ॲसिटोननं.

सोडियम पॉलिटंगस्टेट पाण्यात विरघळतं, वाफेची भीती नाही, घनता 3.1 पर्यंत नेता येते. मात्र दाट, बारीक कण बसेपर्यंत दोनदा चहा होतो. नळाचं पाणी लागलं की कॅल्शियममुळे पांढरा साका, लोखंडी चमच्यानं निळं. डिस्टिल्ड वॉटरच हवं. महाग आहे, पण धुवण आटवून पुन्हा वापरता येतं. विद्यार्थ्यांच्या हाती मी हेच देतो.