गाडीतलं ऑक्स आणि माझे १२,३०० रुपये

आमच्या अण्णांनी नोकरी सांभाळून तीसेक वर्षं कीर्तनं केली. त्यांतल्या ४१ कॅसेटी घरात उरल्या होत्या, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. लॉकडाउनमध्ये मी त्या एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या. जेवढी कॅसेट तेवढा वेळ, त्यात घाई चालत नाही, म्हणजे साठेक तास मी नुसती डेकपाशी बसून होते. मग सगळं दिरांनी पूर्वी न्यू जर्सीहून आणलेल्या आयपॉड नॅनोत भरलं. ‘फोनमध्येच का नाही टाकलंस?’ हे आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. अण्णा ८२ वर्षांचे आहेत. फोनच्या काचेवर त्यांचं बोट चालत नाही, पण आयपॉडची ती गोल चकती ते बरोबर फिरवतात. शिवाय उत्तररंग ऐन भरात असताना ‘पर्सनल लोन हवंय का’ विचारणारा फोन मध्ये कडमडत नाही.

महिन्यातून एकदा मी अण्णांना घेऊन पुण्याहून वाईला जाते. गाडी २०१० ची, सेकंडहँड. तिच्यात कंपनीनेच बसवलेला सीडी-रेडिओ होता. आयपॉड त्याला जोडून हवा होता, एवढंच माझं काम. त्यासाठी स्टीरिओला ‘ऑक्स’ लागतं, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरीने जोडायचं भोक. म्हणून पेठेतल्या एका कार अॅक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही.

दुकानदार स्वतः गाडीत येऊन बसला. स्टीरिओची दोन बटणं दाबली. गिअरच्या पुढे एक छोटा कप्पा आहे, त्यात माझ्या टोलच्या पावत्या कोंबलेल्या होत्या. त्या त्याने व्यवस्थित आत सारल्या आणि झाकण टक्कन लावलं. मला वाटलं, किती नीटनेटका माणूस! मग म्हणाला, “ताई, हा कंपनीचा सेट. याला ऑक्स नसतं. सेट बदलावा लागेल, नाहीतर तात्पुरतं वायरलेस ऑक्स देतो.”

मी तात्पुरतं घेतलं. १,२०० रुपये. सिगारेट लायटरच्या खोबणीत घालायची एक काळी गोटी, तिला एक वायर, ती आयपॉडच्या हेडफोनच्या भोकात. आता कळतंय की वायरलेस ऑक्स असं काही नसतं. ते एफएम ट्रान्समीटर होतं, म्हणजे दोन-चार फुटांपुरतं आपलं आपण चालवायचं आकाशवाणी केंद्र. ते एका फ्रिक्वेन्सीवर आवाज सोडतं आणि गाडीतला रेडिओ ती फ्रिक्वेन्सी पकडतो. चोरीचा माल नाही, खोटाही नाही, पण शेजारी जोरदार स्टेशन असेल तर रेडिओ त्या स्टेशनचंच ऐकतो. त्या भल्या माणसाने मला ९८.१ लावून दिलं होतं आणि पुण्यात ९८.३ वर चांगलं दणदणीत स्टेशन आहे. कात्रजला पोचेपर्यंत अण्णांच्या पूर्वरंगात सोन्याच्या मजुरीवर सूट मिळत होती. खंबाटकीच्या पलीकडे मात्र एकदम स्वच्छ. त्यामुळे मला वाटलं, गाडीच्या अँटेनाचाच काहीतरी घोळ आहे, आणि परत त्याच दुकानात गेले. त्याच दुकानात का गेले, हे मी घरच्यांनाही नीट सांगू शकलेले नाही.

“मी म्हटलं होतं ना ताई, सेट बदलावा लागेल.” या वेळी त्याने काउंटरखालून एक खोका काढला. नावाजलेल्या कंपनीचा स्टीरिओ, वर मोठ्या अक्षरांत ‘५० वॅट × ४’. आयपॉड चालेल का, विचारलं. “पळेल! यूएसबीने चालेल, ब्लूटूथने चालेल, ऑक्सने चालेल.” माझ्या हातात आयपॉड होता. जुन्या नॅनोमध्ये ब्लूटूथ नसतंच, ते फक्त २०१२ च्या मॉडेलमध्ये आलं. माणूस समोरची वस्तू न बघता ‘चालेल’ म्हणतोय, हे तिथल्या तिथे लक्षात यायला हवं होतं. स्टीरिओ ८,५००, ‘हार्नेस कपलर’ (गाडीच्या वायरी न कापता सेट जोडायचा सांधा) १,५००, फिटिंग ७००. जुना सेट? “तो काय कामाचा ताई, भंगारात जाईल. तरी तुमच्यासाठी ५०० वजा करतो.” मी चक्क थँक्यू म्हटलं.

फिटिंगला चाळीस मिनिटं लागली. मी बाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चहा पीत होते. काम झाल्यावर मुलाने त्यांचा पेनड्राइव्ह लावला आणि ढोल-ताशाचं काहीतरी वाजवलं. काच थरथरली. “बघा ताई बेस!” मी बघितला. यूएसबीला आयपॉड लावला तर पडद्यावर ‘नो डिव्हाइस’. मग त्याने ऑक्सची वायर लावली, परत आवाज वाढवला, अण्णांची झांज आणि पेटी खणखणीत वाजली, मी पैसे दिले. गाडीचं इंजिन त्या वेळी बंद होतं.

मी फसले ती नेमकी या पाच मिनिटांत. कीर्तनात पेटी-तबला वाजत असतो तेव्हा काहीही चालून जातं. अण्णांची खरी गंमत ते थांबतात तिथे असते. आख्यानात राजा दरवाजा उघडतो, आणि अण्णा थांबतात. तीन-चार सेकंद काहीच नाही. समोरची माणसं खोकायचीसुद्धा बंद होतात, कॅसेटमध्ये ते ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी सिंहगड रोडला त्या शांततेत मला ऐकू आलं ‘कूंऽऽई’. अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. अण्णा म्हणाले, “हा तंबोरा कोण लावतंय गं?”

त्याचं कारण साधं आहे, फक्त तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आयपॉडची बॅटरी म्हातारी, म्हणून मी तो लायटरच्या खोबणीतून चार्जिंगला लावायचे आणि त्याच वेळी ऑक्सलाही. मग त्याचं अर्थिंग दोन वाटांनी गाडीला जोडलं जातं, एक चार्जरमधून, एक ऑक्सच्या वायरीतून. इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची कुरकुर त्या दोन वाटांमधून आवाजात शिरते. चार्जिंगची पिन उपटली की बंद. दुकानदाराने तसं सांगितलं असतं तर फुकटात काम झालं असतं. त्याने मला ९०० रुपयांचा ‘नॉइज फिल्टर’ दिला, काळी काड्यापेटीएवढी डबी, दोन्हीकडून वायरी. आवाज तसाच. “सेट व्हायला आठ दिवस लागतात ताई.” नवीन चप्पल लागते, पायाला सवय व्हावी लागते, तसं काहीतरी असेल म्हणून मी आठ दिवस थांबले!

पुढच्या खेपेला वाईत दोन दिवस गाडी उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिकटिक. अण्णांची पुण्याला डॉक्टरांची वेळ होती. शेजारच्यांनी बॅटरीचं काम करणाऱ्या एका काकांना बोलावलं. त्यांनी बॅटरी बघितली, इकडेतिकडे मीटर लावलं आणि विचारलं, “गाडी बंद असून करंट कोण खातंय? नवीन काय बसवलंय?” मी स्टीरिओ दाखवला. त्यांनी तो पुढे ओढला, मागे टॉर्च मारला आणि जिभेने चुक् केलं.

मागे कपलर नव्हताच. १,५०० रुपये घेतलेला हार्नेस म्हणजे गाडीचा मूळ कपलर कापून, वायरींना वायरी पिळून, वर काळी टेप. नवीन स्टीरिओला पिवळी आणि लाल अशा दोन वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीला, तिच्यावर घड्याळ आणि लक्षात ठेवलेली स्टेशनं टिकतात. लाल किल्लीच्या मागे, किल्ली फिरवली की सेट जागा, काढली की झोपला. आमच्याकडे दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला बांधल्या होत्या. सेट रात्रंदिवस जागा. काका म्हणाले, “ह्याला झोपायचं कुणी सांगितलंच नाही.” मग ती काळी डबी त्यांनी हातात घेऊन कानाशी हलवली आणि स्क्रूड्रायव्हरने उघडली. खऱ्या फिल्टरमध्ये दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तारेला तार लागत नाही. आमच्या डबीत वायर एका बाजूने आत येऊन सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर जात होती, मध्ये एक गाठ. आणि हाताला वजन लागावं म्हणून एम-सीलचा गोळा. त्या गोळ्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता.

फ्यूज कुठला ते बघायला काकांनी गाडीचं पुस्तक मागितलं. ते मी गाडी घेतल्यापासून उघडलं नव्हतं, पहिल्या मालकाच्या पीयूसीसकट पिशवीत होतं. पानं उलटताना एक चित्र दिसलं. गिअरच्या पुढचा कप्पा, त्याचं झाकण उघडलेलं, आत बाण आणि ‘ऑक्स’. मी जाऊन टोलच्या पावत्या उपसल्या. तळाशी धुळीने भरलेलं एक गोल भोक होतं, हेडफोनच्या मापाचं. कंपनीच्या सेटला ऑक्स होतं. पिन खुपसल्याशिवाय ते पडद्यावर दिसत नाही, असं पुस्तकातच लिहिलेलं होतं. मला लागणार होती एक वायर, ९० रुपयांची.

दुकानदाराला हे ठाऊक होतं का? छातीठोक सांगता येत नाही. पण टोलच्या पावत्या आत सारून झाकण लावणारा तो हात काही डोळ्यांसमोरून जात नाही.

परत गेले तेव्हा ‘ताई’चं ‘मॅडम’ झालं होतं. जुना सेट “गेला” होता. बिल काढून ठेवलं तर त्याने बोटाने खालची ओळ दाखवली, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते बिल नीट वाचलं. वर ‘एस्टिमेट’ छापलेलं. जीएसटी क्रमांक असतो १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. यांचा २७ नेच होता, पण मोजला तर १४. पैसे मी यूपीआयने दिले होते, ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा एका माणसाच्या नावावर गेलेले. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही. स्टीरिओच्या कंपनीला फोन करून सीरियल नंबर सांगितला, त्यांच्याकडे तो नंबरच नाही. आणि ते ५० वॅट गुणिले ४! मागचा फ्यूज दहा अँपिअरचा. गाडीचे चौदा व्होल्ट धरले तरी आत येणार १४० वॅट, आणि हा बाहेर देणार २००. (खऱ्या कंपन्याही खोक्यावर कमाल आकडाच छापतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नका. पण विकणाऱ्याला विचारून बघा, तो काय उत्तर देतो त्यावरून माणूस कळतो.)

‘माल परत घेणार नाही’ या ओळीने मी दोन दिवस गप्प बसले होते, ते बसायला नको होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस. बिल न देणंही त्यातच येतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलाचा, पिळलेल्या वायरींचा आणि एम-सीलच्या गोळ्याचा फोटो जोडला. बॅटरीवाल्या काकांनी साध्या कागदावर काय काय सापडलं ते लिहून सही करून दिलं, तो कागद सगळ्यात उपयोगी पडला. आठवड्याभराने दुकानातून फोन आला, “मिटवून टाकू ताई.” परत ताई. माझे एकूण १२,३०० गेले होते. ५,५०० परत आले आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार करतेय. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला आयोगाची फी नाही, त्यामुळे घाई करून वकिलाच्या मागे धावले नाही.

कंपनीचा तसाच जुना सेट मला मोडीत निघालेल्या गाड्यांच्या एका दुकानात १,८०० ला मिळाला, कपलरसकट. तो घेण्याआधी त्यांना आयपॉड दिला, त्यांच्याच बॅटरीवर जोडायला लावला, आणि अण्णा थांबतात ती जागा काढून ऐकली. दुकानदार वैतागला. “मॅडम, यात तर काहीच वाजत नाहीये.” मी म्हटलं, “तेच ऐकतेय.” वाईच्या काकांनी वायरी डाग देऊन जोडल्या आणि १५० रुपये घेतले.

चार्जिंग लावलं की ‘कूंई’ अजून येतेच, ती दोन वाटांची भानगड काही मिटलेली नाही. म्हणून आयपॉड आदल्या रात्री घरीच चार्ज करते. खरा फिल्टर चारशेच्या आसपास मिळतो म्हणतात. दोन दुकानांत विचारला, आधी उघडून दाखवा म्हटलं, तर दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.